तायफच्या ढगातून खाली

रविवारी कॅमडेनहून परतताना ट्रेनमध्ये माझ्या लेकीनं ताईच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "मावशी, हे बघ. ही तुझी तायफ आहे ना?"

किंग हेन्रीज रोडवरच्या स्मारकात आम्ही बुद्धवंदनेला गेलो होतो. परतीला ताईच्या घरी वॉटफर्डला जाऊन जेवायचं, हे नेहमीचंच. फोनवर एक व्हिडिओ चालू होता. डोंगराच्या कड्यावरून छोट्या छोट्या केबिन तारेला लटकत खाली निघाल्या होत्या. खाली ढग होते. एकेक केबिन हळूच ढगात शिरायची आणि नाहीशी व्हायची. ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि म्हणाली, "पुन्हा लाव गं."

ताई माझी सगळ्यात मोठी बहीण. नागपूरला नर्सिंग करून ती सौदीत तायफला गेली, तेव्हा मी शाळेत होते. तिथं तीन वर्षं राहून ती इंग्लंडला आली. वॉटफर्डच्या एका हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात तिनं रिटायर होईपर्यंत काम केलं. लग्न तिनं केलं नाही. मी लग्न होऊन पिनरला आले, तीही ताई इथं आहे या भरवशावर. एवढ्या वर्षांत ती तायफबद्दल फार काही बोलली नव्हती. थंडी असायची, डाळिंबं मोठी मिळायची, एवढंच आम्हाला माहीत. कधी खोदून विचारलं तर म्हणायची, "काय सांगू? वॉर्ड आणि हॉस्टेल, हॉस्टेल आणि वॉर्ड."

त्या दिवशी मात्र ती आपणहून बोलली.

"एकदा हॉस्टेलच्या बसनं आम्हाला हदाला नेलं होतं. गावापासून लांब नाही, डोंगराची कडच आहे ती. वारा इतका होता की बसमधून उतरूच दिलं नाही. काचेतून बघितलं तर जमीन एकदम संपलेली. पुढे नुसतं पांढरं. मला वाटलं, समुद्र."

"समुद्र तिथून बराच लांब असेल ना?" मी म्हटलं.

"ढग होते. आपल्यापेक्षा खाली. त्याच्या खाली काय असेल, असं फार वाटत राहायचं मला." ती खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे आणि कुणाचा तरी ट्रॅम्पोलिन सरकत होता. "नंतर वाटायचं थांबलं," ती म्हणाली.

लेक प्रायमरी शाळेत शिकवते. तिनं तिथल्या तिथं फोन परत घेतला. "मावशी, हाफ-टर्मच्या सुट्टीला जाऊ या आपण. व्हिसा ऑनलाइन मिळते आता. सीरियसली."

"माझे गुडघे बघ आधी."

"केबल कारमध्ये नुसतं बसायची असते, मावशी. नो वॉकिंग."

ताई हसली. लेकीचं मराठी ऐकून ती नेहमीच तशी हसते, आणि कधीच दुरुस्त करत नाही. मला वाटलं, विषय संपला. पण जेवण झाल्यावर भांडी विसळताना ताईनं विचारलं, "फेब्रुवारीत तिथं स्वेटर लागेल का गं, कोट लागेल?" तेव्हा मला कळलं की आम्ही जाणार.

रियाधला विमान बदलून आम्ही तायफला उतरलो. गाव डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर पसरलेलं आहे. जुन्या बाजारात लाकडी सज्जे, गुलाबपाण्याच्या बाटल्यांची दुकानं, मधाचे डबे. गुलाबांचा मोसम अजून यायचा होता. झुडपं छाटून ठेवलेली होती, पण दुकानांतून वास येतच होता. ताई त्या वासातून अशी चालत होती, जणू कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि ती नीट ऐकू येत नाहीये. मध्येच थांबायची, मान वाकडी करायची, परत चालायला लागायची.

पहिल्या दिवशी आम्ही तिचं हॉस्टेल शोधायला गेलो. टॅक्सीवाला पेशावरकडचा होता, त्याच्याशी हिंदीत बोलता येत होतं. त्यानं दोन-तीन ठिकाणी गाडी उभी केली. ताई उतरायची, इकडेतिकडे बघायची आणि म्हणायची, "हे नव्हे." शेवटच्या ठिकाणी एक मोठं पार्किंग होतं. तिथं ती जरा जास्त वेळ उभी राहिली. "हे असेल," म्हणाली. "किंवा नसेलही." तिला वाईट वाटलं असेल म्हणून मी तिचा हात धरला, तर ती म्हणाली, "भूक लागली मला. आधी काही खाऊ या."

दुसऱ्या दिवशी सकाळी हदाला गेलो. कड्यावर लोखंडी कठडा आहे आणि त्याच्यावर बबून माकडं ओळीनं बसलेली होती. राखाडी आयाळ वाऱ्यानं उडत होती, आणि सगळी खाली दरीकडे तोंड करून गप्प बसली होती. लेकीनं फोटो काढले. ताई त्यांच्यापासून थोडं अंतर ठेवून कठड्याला टेकली. खाली ढग होते. ती म्हणाली होती तसेच, पांढरे आणि सपाट, थेट क्षितिजापर्यंत.

केबल कारच्या स्टेशनवर थोडं थांबावं लागलं. धुकं विरळ होईपर्यंत ते केबिन सोडत नव्हते. बाकावर आमच्या शेजारी पायघोळ काळ्या अबायातली एक म्हातारी आणि तिची मुलगी बसली होती. मुलगी माझ्याहून थोडी लहान असेल, चांगलं इंग्रजी बोलणारी. आईला पायथ्याच्या बागेत न्यायचंय, तिथं ऊन असतं, इथली थंडी तिच्या हाडांना सोसत नाही, असं तिनं सांगितलं. रस्त्यानं नेलं तर वळणांनी आईला मळमळतं. म्हातारीच्या मांडीवर कॉफीचा थर्मास होता. तो तिनं दोन्ही हातांनी धरला होता, आणि आमच्याकडे ती बघतही नव्हती.

निघायची वेळ झाली तेव्हा आम्हा पाचही जणींना एकाच केबिनमध्ये बसवलं. तिथल्या माणसानं केबिन हातानं धरून जरा हळू केली. ताई आधी डावा पाय, मग उजवा पाय टाकत आत शिरली. दार मिटलं. पायाखालची जमीन निघून गेली, आणि कसला म्हणून आवाज राहिला नाही.

ते सांगणं मला कठीण जातं. उतरणं असं वाटतच नव्हतं. आम्ही एका जागी आहोत आणि डोंगरच सावकाश वर चाललाय, असं वाटत होतं. जवळून कातळ गेला, त्याच्या फटीत एक वाकडं झाड, झाडाखाली एक माकडीण पिल्लाला घेऊन बसलेली. तिनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि तीही वर निघून गेली. ढगांत एका ठिकाणी फट पडली आणि खाली रस्ता दिसला. डोंगराच्या अंगावर कुणी दोरी टाकून द्यावी तसा, वळणावर वळण घेत गेलेला.

"मी आले तो हाच रस्ता," ताई म्हणाली.

"तू पाहिला होतास?"

"छे. बसला पडदे होते. आम्ही सगळ्या झोपलेल्या, ओकून ओकून थकलेल्या. बस सारखी वळत होती, एवढंच कळत होतं. जेद्दाहून निघालो तेव्हा उकडत होतं, आणि वर पोचून दार उघडलं तर दातांवर दात वाजायला लागले. मला वाटलं, आपण दुसऱ्याच देशात आलो."

लेक तिच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. "मावशी, तू किती वर्षाचा होती तेव्हा?"

"तुझ्याहून लहान."

फट मिटली. काचांवर ओल धरली आणि आम्ही ढगात शिरलो. आधी समोरची केबिन गेली, मग तार गेली, मग काचेपलीकडचं सगळंच. उजेड होता पण तो कुठूनही येत नव्हता. काचेवर कुणी कुणी अरबीत नावं कोरली होती, तीच तेवढी दिसत होती. मग एक हलकासा झोका बसला आणि केबिन थांबली.

वाऱ्यानं केबिन थोडी डोलली. थर्मासचं झाकण खुळखुळलं. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. इतका पांढरा उजेड मी कधी पाहिला नव्हता. त्यात बसून मला माझ्या आईचा चेहरा आठवला, मग पिनरच्या घरातली खिडकी आठवली, मग काहीच आठवेनासं झालं.

म्हातारीनं मला भानावर आणलं. ती जोरजोरात श्वास घेऊ लागली होती. थर्मास खाली घसरला. तिची मुलगी तिच्यापुढे वाकून काहीतरी समजावत होती, पण म्हातारीचे डोळे गच्च मिटलेले आणि हात हवेत काहीतरी शोधत होते. मुलगी आमच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "तिला बंद जागा सहन होत नाही. मला वाटलं होतं, मोकळं आकाश दिसेल, तर चालेल."

ताई उठली. डोलत्या केबिनमध्ये, दुखऱ्या गुडघ्यांवर. समोर जाऊन तिनं म्हातारीचा एक हात धरला आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला, मानेच्या जरा खाली. आणि ती अरबीत बोलू लागली.

"खुदी नफस," ती म्हणाली. "शुवय्या, शुवय्या. ला तखाफीन."

माझी बहीण मराठी बोलते, हिंदी बोलते, वॉटफर्डच्या बायकांशी त्यांच्यासारखं इंग्रजी बोलते. तिच्या तोंडून अरबी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. नंतर तिनं सांगितलं की तिला बाकी काहीच येत नाही. बाजारात भाव करता येत नाही, रस्ता विचारता येत नाही. श्वास घे, हळूहळू, घाबरू नको, कुठे दुखतंय, आता होईल, मुलगा आहे, मुलगी आहे. एवढीच तिची अरबी. बाळंतिणीच्या खाटेशी शिकलेली.

ती तेच तेच म्हणत राहिली, एका लयीत. म्हातारीचा श्वास त्या लयीला धरून उतरू लागला. लेकीनं थर्मास उचलून मांडीवर घेतला. आणि मग म्हातारीनं डोळे उघडले. ताईच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि एकच शब्द म्हटला.

"सिस्टर?"

ताईनं मान डोलावली.

म्हातारी भरभर बोलू लागली. आता श्वास कमी पडत नव्हता. तिची मुलगी ऐकता ऐकता हसली आणि आम्हाला सांगू लागली. "ती म्हणतेय, ही बोली मला माहीत आहे. अशी अरबी फक्त हॉस्पिटलातल्या सिस्टर बोलायच्या. ती विचारतेय, तुम्ही इथं होतात का?"

"होते," ताई म्हणाली. "बाळंतिणींच्या वॉर्डात."

"माझा जन्म तिथलाच," मुलगी म्हणाली. "आईचं मी पहिलं मूल. फार त्रास झाला होता तिला. तिचं वयच सतरा-अठरा. ती नेहमी सांगते, एक भारतीय सिस्टर होती, तिच्याजवळ बसून राहिली होती. गाणं गुणगुणायची."

म्हातारीनं ताईचा हात आपल्या गालाला लावला.

ताई ओशाळली. मी तिला ओळखते, तिचे कान लाल होतात. "त्यांना सांगा, ती मी नसेन," ती म्हणाली. "मी कधी गायले नाही. गाणारी माझी मैत्रीण होती, केरळची. एकाच खोलीत राहायचो आम्ही. ती सगळ्यांना गाऊन दाखवायची. तीच असेल."

मुलीनं ते आईला सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं, पण हात काही सोडला नाही. मग ती स्वतःच गुणगुणू लागली. शब्द नव्हते. तीन-चार सूर वर जाणारे, मग एक लांब सूर, मग घसरत खाली येणारे. त्या पांढऱ्या उजेडात ते सूर फार जवळून ऐकू येत होते. मला ती चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली, आणि लगेच वाटलं, कुठल्याही आईची चाल अशीच असते. लेकीनं हळूच फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

ताई डोळे मिटून ऐकत होती. "हं," ती म्हणाली. "हे तिचंच. ऐकलंय मी हे."

केबिन कधी चालू झाली ते आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही. काचेवरचं पाणी मागे पळू लागलं, उजेड पिवळा झाला आणि एकदम आम्ही ढगाच्या पोटातून खाली आलो. वर ढगांचं छत, खाली खडकाळ दरी, कोरडी नदी, आणि खूप खाली खजुराची झाडं नि निळ्या पाण्याचा एक तुकडा. कोट काढावा लागला इतकं उबदार होतं.

"हे होतं तर खाली," ताई म्हणाली.

पायथ्याला त्या दोघींनी आम्हाला जाऊच दिलं नाही. बागेत हिरवळीवर सतरंजी अंथरली, थर्मासमधली वेलदोड्याची कॉफी छोट्या छोट्या पेल्यांत ओतली, खजूर पुढे केले. आमच्याजवळ पिनरहून आणलेल्या शंकरपाळ्या होत्या. म्हातारीला त्या फार आवडल्या. ती आणि ताई शेजारी शेजारी पाय पसरून बसल्या आणि आपापले गुडघे एकमेकींना दाखवू लागल्या. त्या गप्पांना दुभाष्या लागला नाही. कुठे दुखतंय, हे ताईला विचारता येत होतंच.

दुपार तशीच गेली. माझा डोळा लागला असावा, कारण मला मध्येच वाटलं की मी वॉटफर्डच्या बागेत पडले आहे आणि शेजारी कुणीतरी आईच्या आवाजात बोलतंय. जागी झाले तेव्हा लेक आणि ती मुलगी एकमेकींचे नंबर घेत होत्या. म्हातारी ताईच्या खांद्याला टेकून झोपली होती. ताई तिला जाग येऊ नये म्हणून अवघडून बसली होती.

परत आल्यावर ताईनं ती केरळची मैत्रीण शोधायला घेतली. सोपं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत दोघींचे पत्ते बदलले होते. पण नर्सबायांचं जाळं मोठं असतं. वॉटफर्डमधल्या एकीनं लेस्टरच्या एकीला विचारलं, तिनं आणखी कुणाला. शेवटी मैत्रीण सापडली ती लेस्टरलाच, मुलाकडे. गेली कित्येक वर्षं ती ताईपासून एका ट्रेनच्या अंतरावर राहत होती.

पहिला फोन केला तेव्हा मी आणि लेक ताईच्या किचनमध्ये होतो. ताईनं स्पीकर लावला. आधी दोघी नुसत्या एकमेकींची हॉस्टेलमधली टोपणनावं घेत राहिल्या. त्या हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत होत्या, मध्येच एखादा अरबी शब्द. मग ताईनं सगळी हकिकत सांगितली आणि लेकीनं रेकॉर्डिंग लावलं. म्हातारीचा थरथरता आवाज किचनभर पसरला.

रेकॉर्डिंग संपलं.

"ऐकलंस ना?" ताईनं विचारलं. "तू गायचीस ते."

"हे मी नाही गायचे," मैत्रीण म्हणाली. "मी चर्चची गाणी गायचे, आणि तीही मोठ्यानं. मेट्रन ओरडायची. हे तू गुणगुणायचीस. चार्ट भरताना, खाटेशी बसताना. तुला कळायचंच नाही. आम्ही हसायचो."

"काहीतरीच."

"विचार कुणालाही."

"मला गाता येत नाही," ताई म्हणाली. "माझ्या बहिणीला विचार, ती इथंच आहे."

दोघी बराच वेळ भांडल्या. तू, नाही तू. मला विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की ताईला गाताना मी कधी ऐकलेलं नाही. पण ती तायफला गेली तेव्हा मी शाळकरी होते, आणि आम्ही परत जवळजवळ राहायला लागलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. मधल्या ताईला मी पाहिलेलंच नाही.

लेकीनं त्या तायफच्या मुलीला मेसेज करून विचारलं, की आजीला त्या सिस्टरचा चेहरा आठवतो का. उत्तर आलं, आई म्हणते चेहरा आठवत नाही, हात गरम होते.

"लेबर वॉर्डात सगळ्यांचेच हात गरम असतात," ताई म्हणाली, आणि मेसेजला उत्तर म्हणून तिनं म्हातारीच्या गुडघ्यांसाठी तीन व्यायाम सांगितले. लेकीनं ते इंग्रजीत लिहून पाठवले.

ईस्टरच्या सुट्टीत मैत्रीण वॉटफर्डला आली. आम्ही तिघी तिला घ्यायला स्टेशनवर गेलो. ट्रेनमधून बरीच माणसं उतरली. ताई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत फलाटाच्या टोकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. मैत्रीणही ताईच्या शेजारून दोनदा पुढे गेली होती, हे नंतर कळलं. एक बारीक, पांढऱ्या केसांची, पाठीला सॅक लावलेली बाई जिन्यापाशी उभी होती. ताई तिच्याजवळ जाऊन थांबली. दोघींनी एकमेकींकडे नीट पाहिलं.

"तू उंच होतीस," ताई म्हणाली.

"नाही. तू बुटकी होतीस," ती म्हणाली, आणि तिनं सॅक काढून ताईच्या हातात दिली.